पाठमोरी चढण

ताईच्या फोनवर गेली चार वर्षं एकच चित्र आहे. फोन बदलला, चित्र बदललं नाही. ढगांतून वर आलेले हिरवे सुळके आणि त्यांच्या खांद्यावर दगडी भिंतींचं एक रिकामं गाव. माचू पिच्चू. पेरू देशातलं, समुद्रसपाटीपासून 2,430 मीटर उंचीवरचं, इंका लोकांनी पंधराव्या शतकात वसवलेलं. ताई व्हीलचेअर वापरते. बारा वर्षांपूर्वी एका अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही. चित्राबद्दल कुणी विचारलं तर ती एवढंच सांगते, "जायचंय."

तिच्यामुळे मी इंकांबद्दल वाचत गेलो. वाचताना एका गोष्टीशी येऊन थांबलो. इतकं मोठं साम्राज्य, 30,000 किलोमीटरांचं रस्त्यांचं जाळं, दोन दगडांच्या सांध्यात सुरीचं पातं जाऊ नये अशी बांधणी, आणि या लोकांकडे गाडीचं चाक नव्हतं. ओझं लामांच्या पाठीवर जायचं, निरोप धावणाऱ्या माणसांच्या पायांवर. रस्ता चाकासाठी करायचाच नव्हता, म्हणून जिथे चढ आला तिथे त्यांनी सरळ पायऱ्या घातल्या. ताईला हे सांगताना माझा आवाज पडला असावा. तिने मात्र लगेच विचारलं, "आणि त्यांचा राजा?"

राजा चालत नसे. इंकांचा सम्राट पालखीतून जायचा. 1532 मध्ये काहामार्काच्या चौकात स्पॅनिश सैनिकांनी आतावाल्पाला पकडलं, तेव्हाही तो माणसांच्या खांद्यांवरच होता.

"म्हणजे त्या पायऱ्या न चढता वर गेलेला एक माणूस होता," ताई म्हणाली, "आणि त्याची कुणाला कीव येत नव्हती."

त्यानंतर दोन-तीन दिवस ती गप्प होती. मग एका रात्री तिने निरोप पाठवला. पेरूचं पेरूच्या वेळी बघू. आधी कार्ले.

कार्ल्याची लेणी आमच्या हिंजवडीतल्या घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत आहेत. ताई तिथे पूर्वी एकदाच, शाळेच्या सहलीत गेली होती. तेव्हा ती धावत वर गेली होती आणि तिने काहीच पाहिलं नव्हतं, असं ती स्वतः सांगते. अपघातानंतरचं जे वर्ष अंथरुणात गेलं, त्या वर्षात ती ब्राह्मी लिपी शिकली. दामोदर धर्मानंद कोसंबींचं लेखन तिने त्याच वर्षात वाचून काढलं. पुण्यात राहून हा गणितज्ञ या डोंगरांतून पायी हिंडला आणि कार्ल्याच्या खांबांवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या 'धेनुकाकट' या गावाचा त्याने ध्यास घेतला. ते गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ताईचं स्वतःचं एक मत आहे, पण ते तिने पक्कं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय.

सहलीआधी हिंजवडीबद्दल थोडं सांगायला हवं. ताईची कंपनी दुसऱ्या फेजमध्ये आहे. आत सगळं तिच्यासाठी असल्यासारखं आहे. दारं आपोआप उघडतात, लिफ्टची बटणं बसल्या माणसाच्या हाताला येतात, स्वच्छतागृहात खुर्ची वळवायला जागा आहे. तिथे ती दिवसभर कुणाचीही मदत न घेता फिरते, भराभर फिरते, गप्पा मारत तिच्या बाजूने चालणाऱ्याला दम लागतो. फाटकाबाहेर आलं की पदपथाचा कठडा वीतभर उंच. तो चढलाच तर पुढे वाळूचा ढीग, त्यापुढे विजेचा डबा, त्यापुढे मेट्रोच्या खांबाभोवती लावलेले पत्रे. चैत्रातल्या पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा हाच भाग आपला सगळा पसारा आवरतो आणि चाकांवरच्या त्या भल्यामोठ्या लाकडी गाड्याला वाट करून देतो. ते बघताना दरवर्षी मला ताईची दोन चाकं आठवतात.

निघायचं ठरलं बुधवारी, लेण्याशेजारच्या एकवीरा देवीच्या देवळातली रविवारची गर्दी टाळून. आम्ही चौघं होतो. ताई, मी, तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि त्याचा एक मित्र. आदल्या संध्याकाळी मी थर्मास, खाऊ, टोप्या भरत होतो. ताई स्वयंपाकघरात पाण्याचा पेला हातात घेऊन बसली होती. पिण्यासाठी नाही, मोजण्यासाठी. संध्याकाळी सहानंतर अर्धा पेला, सकाळी चहाचे दोन घोट. वाटेत कुठे जाता येईल याची खात्री नाही, म्हणून ती आदल्या दिवसापासून तहान मारते. बारा वर्षं ती हे करतेय आणि मला ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं. मी तिचा सख्खा भाऊ, त्याच घरात राहणारा. सहल म्हटली की मला खाणं आठवतं. तिला आधी मूत्रपिंडं आठवतात. कमी पाण्यामुळे संसर्ग होतो, ताप चढतो, हे तिला कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं माहीत आहे. तरी ती मोजते. दुसऱ्या दिवशी वाटेत एका हॉटेलच्या दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं म्हणून आम्ही मोठ्या आशेने थांबलो. आत स्वच्छतागृहात झाडू, बादल्या आणि कोल्ड्रिंकचे रिकामे क्रेट रचून ठेवले होते. नोकर मुलगा ओशाळला, भराभर आवरायला लागला. ताई म्हणाली, "राहू दे बाळा, पुढे बघू." पुढे काही नव्हतं.

गाडी ताईच चालवते. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हातानं चालवायची दांडी बसवून घेतलेली गाडी आहे. तिच्या पहिल्या गाडीच्या कागदांवर कायद्याच्या भाषेत 'इनव्हॅलिड कॅरेज' असं लिहिलेलं होतं. आता कायद्यातला तो शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. शब्द बदलल्याने काय होतं, असं म्हणणाऱ्याने तो जुना कागद रोज खिशात बाळगून बघावा. वाकडचा पूल, किवळे, देहूरोड, सोमाटणे, तळेगाव. वडगाव आलं तशी ती इथल्या 1779 च्या मराठे-इंग्रज लढाईबद्दल, महादजी शिंद्यांबद्दल, कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टबद्दल बोलायला लागली. मराठ्यांनी त्या शत्रूच्या अधिकाऱ्याला त्याच्या धाडसासाठी 'इष्टुर फाकडा' म्हटलं. माणसाला त्याच्या गुणावरून नाव देणारी भाषा आहे आपली, असं ती म्हणाली, आणि कामशेतपर्यंत काही बोलली नाही.

कार्ला फाट्यावरून आत वळलं की डोंगर समोर येतो. गाडी बरीच वर जाते, पण वरच्या वाहनतळापासूनही पायऱ्यांना सुटका नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, हार, नारळ, साड्या, चिक्की. कोळी-आगरी कुटुंबं नवस फेडायला आलेली, कुणी कोंबडं घेतलेलं, कुणी लहान बाळ. पहिल्या पायरीशी ताईने खुर्ची थांबवली आणि आम्हा तिघांना समोर उभं केलं.

पायऱ्या पाठमोऱ्या चढायच्या. खुर्ची मागे कलती करायची, मोठी चाकं पायरीच्या कडेला टेकवायची, मागच्याने मुठी धरून ओढायचं, पुढच्या दोघांनी खालून चौकटीला धरून लोटायचं. पायटेकूला हात लावायचा नाही, तो सुटून हातात येतो. हाताच्या टेकूलाही नाही. आणि तिने 'चला' म्हटल्याशिवाय कुणी जोर लावायचा नाही. "मी थांबा म्हटलं की थांबायचं. अर्ध्या पायरीवर असलो तरी." हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

चला. थांबा. चला. थांबा. पंधरा पायऱ्यांत माझा शर्ट पाठीला चिकटला. पंचविसाव्या पायरीच्या सुमारास एका काकांनी मागचा-पुढचा विचार न करता एका बाजूने चाकाला हात घातला आणि खुर्ची हेलकावली. त्यांच्या मनात मदतच होती. ताईने त्यांचं मनगट धरलं, "काका, विचारून धरा ना." ते क्षणभर थबकले, मग खरंच विचारलं, "कुठं धरू?" आणि पुढच्या तीस-चाळीस पायऱ्या ते आमच्यातले एक झाले.

मी मागच्या मुठी धरून होतो, म्हणून माझं तोंडही खालच्या दरीकडेच होतं. ताईचं आणि माझं. सगळा डोंगर देवळाकडे बघत वर चालला होता. आम्ही दोघं मात्र जिथून आलो तिकडे बघत वर चाललो होतो. हळूहळू दरी उघडायला लागली. आधी दुकानांचे निळे ताडपत्रीचे माथे, मग गाड्या, मग झाडं, मग इंद्रायणीचं खोरं, जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग, लोहमार्गावरून सरकणारी लोणावळ्याची लोकल, आणि समोरच्या बाजूला विसापूर आणि लोहगड, ज्यांच्या कुशीत भाज्याची लेणी आहेत. प्रत्येक पायरीमागे ते सगळं थोडं थोडं वाढत होतं. मी त्या डोंगरावर याआधी पाच-सहा वेळा तरी गेलो असेन. चढताना मागे वळून पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं. ताईला तर पायऱ्या आल्या की दुसरा मार्गच नाही. तिने बारा वर्षांत जे जे चढलं, ते सगळं असंच बघत चढलं असणार.

एका वळणावर विसाव्याला थांबलो. ताई दोन्ही हातांवर भार देऊन स्वतःला खुर्चीतून थोडं उचलून धरते, अर्ध्या तासाने एकदा, कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून. ते चालू असताना नवसाला आलेल्या एका बाईंनी तिच्या मांडीवर दहा रुपयांचं नाणं ठेवलं, हात जोडले आणि पुढे गेल्या. भाचा उसळला. ताईने त्याला नजरेने बसवलं. नाणं उचलून तिने मुठीत धरलं. शेजारी हार विकणारी म्हातारी कोळीण हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाय, सावकाश जा. आईच्या दारात कसली घाई." मग टोपलीतला एक हार काढून म्हणाली, "घेशील?" ताईने किंमत विचारली, घासाघीस केली, स्वतःच्या पर्समधून पैसे दिले आणि हार घेतला. दहाचं नाणं मुठीतच होतं. त्या म्हातारीने तिला गिऱ्हाईक म्हणून वागवलं, यात ताईला किती बरं वाटलं असेल हे तिच्या घासाघिशीच्या आवाजावरून मला कळलं.

"शंभर मीटर चढायचं तर किती लांब उतार लागेल?" ताईने मुलाला विचारलं. व्हीलचेअरच्या रॅम्पचं प्रमाण एकास बारा असतं, एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. त्याने हिशेब केला. बाराशे मीटर. "म्हणजे जवळजवळ सव्वा किलोमीटर," ताई म्हणाली आणि खालच्या रुळांकडे बोट केलं. याच डोंगररांगेत, बोरघाटात, 1863 मध्ये आगगाडी चढली. एकास सदतीसच्या चढणीवर, बोगदे फोडून, पूल बांधून, हजारो मजुरांचे जीव घालवून. मुंबईला कापूस हवा होता म्हणून डोंगर कापला गेला. कार्ल्याचा डोंगर कापा असं ताई म्हणत नाही. लेण्याला ओरखडाही नको, हे तिच्याइतकं कळवळून सांगणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. तिला हवंय ते साधं आहे. आधाराचा कठडा, मधे थांबायला सपाट जागा, एक स्वच्छतागृह ज्यात बादल्या नसतील, आणि चार माणसं, ज्यांना खुर्ची कशी धरायची हे शिकवलंय. घारापुरीला डोलीवाले आहेत, अजिंठ्याला आहेत. फ्रान्समध्ये जोएल क्लॉडेल नावाच्या गिर्यारोहण मार्गदर्शकाने 1987 मध्ये आपल्या आजारी पुतण्यासाठी एकाच चाकाची, पुढे-मागे दोघांनी धरायची खुर्ची बनवली. तसल्या खुर्चीत बसून आता माणसं माचू पिच्चूच्या पायऱ्यांवर जातात. जिथे चाक कधी गेलंच नव्हतं, तिथे एक चाक पोचलं.

कायदाही आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशी राहू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सांगितलं. ताईने तो निकाल वाचला तेव्हा ती रात्री उशिरापर्यंत जागी होती. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथेचं नाव 'चाकाची खुर्ची' ठेवलं, ते पुस्तक तिच्या उशाशी असतं.

वर पोचायला दीड तास लागला. आधी एकवीरा आई. ताईने हार दिला आणि मुठीतलं नाणं दानपेटीत टाकलं. मग चैत्यगृह, देवळाच्या अगदी पाठीशी. समोर सिंहस्तंभ, त्याच्या माथ्यावर चार सिंह. त्या सिंहांनी एके काळी धर्मचक्र पेललेलं असावं, असं मानतात. ताई मान वर करून बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

दाराशी एकदा उचलावं लागलं. आणि मग आत, दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीने सपाट केलेल्या दगडावर, तिची चाकं टेकली. "सोडा," ती म्हणाली.

आम्ही सोडलं. तिने हातमोजे घातले, चाकांच्या कड्या धरल्या आणि निघाली. सकाळपासून पहिल्यांदाच, कुणी न लोटता. हिंजवडीच्या कुठल्याही पदपथापेक्षा सरळ जमीन. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांतलं हे सर्वांत मोठं, सुमारे चौदा मीटर उंचीचं छत, छताला सागवानाच्या मूळच्या कमानी अजून लागलेल्या. आत अंधार नाही, आणि लख्ख उजेडही नाही. घोड्याच्या नालासारख्या मोठ्या गवाक्षातून उजेड येतो आणि नेमका स्तूपावर पडतो. त्या उजेडाच्या पट्ट्यातून ताई एकटी स्तूपाकडे जात होती. चाकांचा बारीक आवाज दगडाला लागून परत येत होता. भाचा मोबाईल काढणार होता, मी त्याचा हात धरला.

स्तूपाला तिने प्रदक्षिणा घातली. खांबांच्या आणि भिंतीच्या मधून खुर्ची आरामात गेली. जाताना ती खांब मोजत होती. एका बाजूला पंधरा, दुसऱ्या बाजूला पंधरा, त्यांच्या शिरांवर हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात मात्र साधे, अष्टकोनी, बिनकोरीव. एकूण सदतीस. मागच्या सातांपाशी ती थांबली. समोरून आलेल्याला हे खांब धड दिसतही नाहीत. प्रदक्षिणा घालणाऱ्यालाच ते भेटतात. तिने एका खांबाला मोजा काढून तळहात लावला.

मग खांबांवरची नावं. ती अडखळत, अक्षर अक्षर जुळवत वाचत होती आणि आम्ही तिच्या बाजूला उभे होतो. धेनुकाकटचे यवन, ज्यांनी खांब दिले. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी, ज्याने हे शैलगृह पूर्ण केलं आणि जंबुद्वीपात उत्तम म्हणून अभिमानाने कोरून ठेवलं. नहपानाचा जावई उषवदात, ज्याने या वलूरकच्या लेण्यांतल्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिलं. राजाचा जावई आणि परदेशी व्यापारी एकाच भिंतीच्या आधाराने उभे.

परत येताना ती दारात थांबली. तिथल्या लेखांबद्दल ती आम्हाला घरीच सांगून आली होती. सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे अत्तर-उदी विकणाऱ्या माणसाने, हे दार दान दिलं. आणि वेणुवासाचा मुलगा सामी, धेनुकाकटचाच एक सुतार, याने ते घडवलं. दोघांचीही नावं दगडात. देणाऱ्याचं आणि करणाऱ्याचं. कुणी सोनं दिलं, कुणी गाव दिलं, आणि एका अत्तरवाल्याला वाटलं की आपण आत येण्याची वाट द्यावी. ताई त्या चौकटीखाली इतका वेळ बसली, की मागे लोकांची रांग झाली. कुणी काही बोललं नाही. सगळे थांबले.

"पालखीत बसायला माझी ना नाही," ती मग म्हणाली, "पण कुठे थांबायचं ते पालखीतल्याला सांगता आलं पाहिजे. आज आलं."

उतरताना खुर्ची सरळ असते, बसलेल्याचं तोंड खालीच. म्हणजे चढतानाही दरी, उतरतानाही दरी. दुपार कलली होती, विसापूरच्या कड्यावर पिवळं ऊन आलं होतं. हार विकणारी म्हातारी टोपली आवरत होती. तिने लांबूनच विचारलं, "भेटली का गं आई?" ताईने हात उंचावून हो म्हटलं.

वाकडच्या पुलावर नेहमीची कोंडी लागली. तासभर गाडी तसूतसूने सरकत होती. ताईचे ओठ कोरडे पडले होते. मी बाटली पुढे केली, तिने मान हलवली. अजून घर आलं नव्हतं.

सोसायटीच्या तळघरात गाडी लावली, लिफ्टने वर आलो. ती आधी आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली. मग स्वयंपाकघराच्या ओट्याशी खुर्ची लावून तिने माठातून तांब्या भरून घेतला आणि मान मागे टाकून प्यायली. गळ्याची हालचाल दिसत होती. पाणी हनुवटीवरून ओघळून ओढणीवर पडलं तरी ती थांबली नाही. तांब्या रिकामा झाल्यावर तिने तो माझ्याकडे दिला.

"अजून एक," ती म्हणाली.